ब्रेकमधले करडईचे तेल

मोटार बाळगणाऱ्या माणसाने ती थांबते कशी एवढे तरी समजून घ्यावे, ही माझी अपेक्षा उमरग्यात कोणी कधी मान्य केली नाही. ती धावते कशी, हे मात्र सर्वांना ऐकायचे असते. सिलिंडर किती, घोड्यांचे बळ किती, हैदराबाद किती तासांत गाठते, हे विचारताना मालकांचे चेहरे उजळतात. थांबण्याचा विषय काढला की ते पानाचा डबा उघडतात. धावण्याचे श्रेय मालकाचे आणि न थांबण्याचा दोष ड्रायव्हरचा, अशी वाटणी त्यांनी मोटार घेण्यापूर्वीच मनात केलेली असते.

सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या मोटारखात्यात अकरा वर्षे काढून मी, बब्रुवान मिस्त्री, उमरग्यात परतलो आणि हैदराबादच्या सडकेला लागून पत्र्याच्या छपराखाली कारखाना घातला. महायुद्धाला चार वर्षे होत आली होती. निजामाच्या राज्यात पेट्रोल परवान्यावर मिळे, तेही उसाच्या मळीचे स्पिरिट मिसळलेले. परदेशी मोटारींचे सुटे भाग तर दिसेनासेच झाले होते. म्हणून मी मालकांसाठी एक कागद लिहून त्याच्या नकला केल्या होत्या. रेडिएटरमध्ये खाऱ्या विहिरीचे पाणी घालू नये. मोठ्या मोटारीला ट्रकचा पट्टा ओढूनताणून बसवू नये. झिजलेला भाग फेकून न देता तेल लावून कागदात गुंडाळून ठेवावा, कारण आज जो भंगार वाटतो त्याच्याच मापाने उद्या नवा घडवावा लागेल. उभी मोटार आठवड्यातून एकदा तरी चालवावी, नाहीतर टायर एकाच जागी बसतात. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: ब्रेकमध्ये मिस्त्रीने दिलेल्या बाटलीतील तेलाखेरीज काहीही घालू नये.

ते का घालू नये, हे मी लिहिले नव्हते. विलायती ब्रेकतेल मिळत नव्हते. त्याच्या जागी मी एरंडेल आणि स्पिरिट समभाग एकत्र करून वापरीत असे. एरंडेल रबराला इजा करीत नाही आणि स्पिरिट त्याला पातळ ठेवते. विलायती तेलातही मूळ द्रव्ये हीच असतात. परंतु माझ्या कारखान्यात येणारी सर्वांत मोठी मोटार शंकरप्पांची होती, आणि शंकरप्पांच्या घरात स्पिरिट हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. तेव्हा मी बाटलीवर नुसते ‘ब्रेक’ असे लिहिले आणि गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतरांना पुष्कळ बोलणार आहे.

शंकरप्पा म्हणजे उमरग्याचे मोठे आडत व्यापारी. करडई आणि भुईमूग यांचे त्यांचे चार घाणे होते, आणि आपल्या तेलाइतके शुद्ध तेल हैदराबाद ते सोलापूर सापडणार नाही, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत. गळ्यात चांदीचे लिंग, कपाळावर तीन पट्टे, जिभेवर सदैव ‘शिव शिव’. हैदराबादच्या एका उमरावाने वापरून सोडलेली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार त्यांनी विकत घेतली होती. काळी, लांबलचक, पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला घोड्याच्या मानेसारखे वळण असलेली. ती ते स्वतः कधी चालवीत नसत. चालवीत असे उत्तरेश्वर, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, आणि मोटारीच्या आवाजातला फरक माझ्याआधी ओळखणारा माणूस.

त्या शनिवारी सकाळी शंकरप्पा टांग्यातून उतरले आणि पत्र्याखाली न येता उन्हातच उभे राहिले.

“मिस्त्री, ऐकलास का? गाडी नळदुर्गच्या उतारावर गेली.”

“गेली म्हणजे?”

“काल सोलापूरला आमच्या मठाच्या स्वामींना आणायला पाठविली होती. त्या उत्तऱ्यानं दारू पिऊन घातली बैलगाड्यांमंदी. एका गाडीवाल्याचा बैल जागेवर गेला, गाडीवाल्याचा पाय मोडला. मग कठड्याला धडकून थांबला. अमीनसाहेबांनी चौकीत बसवलाय. अंगाला दारूचा वास, सीटखाली दारूचा डबा. आता सहा महिने खडी फोडतो बघ.”

उत्तरेश्वर दारू पितो, हे मला नवीन होते. त्याच्या शेजारी बसून मी शेकडो कोस गेलो होतो. मी तसे म्हणालो.

“तुझं म्हणणं कोण विचारतंय?” शंकरप्पा म्हणाले. “तू एवढंच लिहून दे, की दोन आठवड्यांपूर्वी तू ब्रेक तपासले होतेस आणि ते उत्तम होते. ते खरंच आहे ना? मी खोटं लिहायला सांगत नाही.”

ते खरेच होते. चौदा दिवसांपूर्वी मी चारही चाके उघडली होती. मी जपून ठेवलेल्या शेवटच्या संचातील रबरी वॉशर त्यात बसवले होते, पायाचा दाब तीनदा तपासला होता. तसे लिहून देणे म्हणजे माझ्याच कामाचे प्रशस्तिपत्र. ते लिहिण्याची इच्छा मला झाली, हे मी नाकारत नाही. लेखणी हातात घेतल्यावर मी केवळ सवयीने विचारले, “तेल कमी झालं होतं का?”

“तेलाचं काय? तेल शुद्ध होतं.”

मोटारीच्या तेलाला ‘शुद्ध’ म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तेल जाड असते, पातळ असते, काळे पडलेले असते. शुद्ध असते ते खाण्याचे.

“कुणाचं तेल, अप्पा?”

“लिहितोस का नाही?” ते ओरडले. “का आता तुझ्यापुढं जबानी देऊ मी?”

“लिहितो,” मी म्हणालो, “पण नळदुर्गला, मोटार बघून. न बघता लिहायची मला सवय नाही.”

एका जुन्या फडक्यात मी माझी बाटली, पाने आणि पकड बांधली. संचात मागे राहिलेला एकुलता एक नवा वॉशर खिशात टाकला आणि त्यांच्याबरोबर रेल्वे खात्याच्या बसमध्ये चढलो. शंकरप्पा पुढच्या गादीवर बसले. अगदी मागे, पायांशी भाकरीचे गाठोडे ठेवून, उत्तरेश्वराची बायको मथुराबाई बसली होती. मी उठून तिच्याकडे गेलो.

“मथुराबाई, या आठवड्यात मोटारीचं काही काम केलं का उत्तरेश्वरानं?”

“मला कशाला इचारता? फुडं बसलेत त्येंनाच इचारा की!” ती सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “सोमवारी घाण्यावरून डबा भरून तेल आनलं. तुमचं काढाया लावलं आन ते घालाया लावलं. ह्ये म्हनले, मिस्त्रीला इचारून येतो. तर मालक म्हनले, गाडीचा मालक मिस्त्री हाय का मी हाय?”

“का काढायला लावलं?”

“वास आला म्हनं. सोवळ्याचे स्वामी बसनार, आन गाडीत दारू? ह्येंनी तुमचं तेल फेकलं न्हाय. मिस्त्रीचं हाय, महाग हाय, परत करू म्हनले. डब्यात भरून सीटखाली ठेवलं. ते अंगावर सांडलं आसंल धडकंत. आन ह्यो दारुड्या झाला!”

शंकरप्पांनी मागे वळून पाहिले नाही. कंडक्टरने पाहिले, चार शेतकऱ्यांनी पाहिले. माझ्या अंगातून जो संताप वर चढला त्याचे वर्णन मी करीत नाही. एवढेच सांगतो, की पुढचे सर्व गणित मला त्या क्षणी दिसले. करडईच्या तेलात रबर फुगते. लगेच नव्हे, तीनचार दिवसांत. फुगलेला वॉशर सिलिंडरमध्ये अडकून बसतो, ब्रेक सुटत नाही, चाक घासत राहते आणि तापते. मग उतारावर, नेमक्या गरजेच्या वेळी, रबराची कड फाटते आणि ब्रेकवरचा पाय थेट तळाला टेकतो. सोमवार ते शुक्रवार. याहून अचूक मुदत मलाही सांगता आली नसती.

मी पुढे जाऊन शंकरप्पांच्या शेजारी उभा राहिलो.

“अप्पा, बुधवारी-गुरुवारी मोटार जड चालते, असं उत्तरेश्वर तुम्हाला म्हणाला होता का?”

“ड्रायव्हर रोज काहीतरी म्हणतच असतो.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“हळू चालव म्हणालो. बस खाली, बस हलती आहे.”

नळदुर्गच्या चौकीच्या आवारात ती मोटार उभी होती. बैल जोडून ती तिथवर ओढत आणली होती. उजवा दिवा फुटला होता, पुढचा वळणदार पत्रा चेपून चाकाला टेकला होता. आतल्या कोठडीत उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. मोडलेला डावा हात बांबूच्या दोन काड्यांमध्ये बांधून गळ्यात अडकवला होता. मथुराबाईने गजांतून भाकरी दिली. त्याने घेतली, पण खाल्ली नाही.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “जळकोटला म्या उतरून चाकाला हात लावला. तव्यावानी तापलं व्हतं. थांबलो, गार हू दिलं, मंग निघालो. म्या अजून काय करायला पायजे व्हतं?”

“हँडब्रेक?”

“वडला. त्यानं एवढी गाडी कुठं थांबती उतारावर? फुडं बाजाराच्या गाड्या. सगळ्यांत शेवटची तेवढी लागली, मंग कठड्यावर घातली. नायतर धा गाड्या व्हत्या, मिस्त्री. मानसं बसलेली.”

चौकीचे प्रमुख अमीनसाहेब हैदराबादचे, उंच, स्थूल, आणि शनिवारी दुपारी काम आल्याने त्रासलेले होते. शंकरप्पांना त्यांनी खुर्ची दिली. मला दिली नाही.

“मिस्त्री, लिख के दो और जाओ,” ते म्हणाले. “ब्रेक अच्छे थे?”

“चौदा दिवसांपूर्वी होते, हुजूर. काल काय होते ते उघडल्याखेरीज सांगणार नाही. आणि पंचनाम्यात जो दारूचा डबा लिहिला आहे, तोही मला पाहायचा आहे.”

“अरे, तू पुलिस है क्या?”

“नाही. म्हणूनच न पाहता ‘दारू’ असं लिहीत नाही.”

हे मी बोलायला नको होते. मात्र अमीनसाहेब शिपायाकडे वळून म्हणाले, “ला रे डब्बा.”

आधी मी चाक उघडले. पाऊण तास लागला, कारण तापून नट आवळले होते. ड्रमवर निळसर डाग पडले होते. लोखंड फार तापले म्हणजे पडतात तसे. आतल्या लहान सिलिंडरमधून वॉशर बाहेर पडेना. तो मला टोकदार सळईने उपसावा लागला. बाहेर आल्यावर तो आपल्या मूळ मापाच्या दीडपट होता, मऊ, लिबलिबीत, आणि एका बाजूने फाटलेला. मी खिशातला नवा वॉशर काढला आणि दोन्ही अमीनसाहेबांच्या तळहातावर ठेवले.

“दोन्ही एकाच संचातले आहेत, हुजूर. एक अजून कोरडा आहे, कुठल्याच तेलात गेलेला नाही. दुसरा चौदा दिवस या मोटारीत होता.”

“फूल गया,” अमीनसाहेब म्हणाले.

“रबर हलकं असेल,” शंकरप्पा खुर्चीतून म्हणाले. “लढाईतला माल.”

“तर मग डबा आणा,” मी म्हणालो.

डबा चेपला होता, पण तळाशी बरेच उरले होते. झाकण उघडताच साऱ्या ओसरीवर वास पसरला. शंकरप्पांनी नाकाला उपरणे लावले. “बघा! बघा साहेब! ही दारू नाही तर काय तीर्थ आहे?”

“हे उत्तरेश्वरानं पिण्यासाठी ठेवलं होतं, असं तुमचं म्हणणं?” मी विचारले.

“मग काय डोक्याला लावायला?”

“यात अर्धं एरंडेल आहे, अप्पा. वाटीभर हे पिऊन जो उठेल तो मोटार चालवणार नाही, परसाकडं धावेल. आणि तो संध्याकाळपर्यंत तिथून परतणार नाही.”

शिपाई मोठ्याने हसला. अमीनसाहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो गप्प झाला, पण अमीनसाहेबांच्या स्वतःच्या मिशाही हलल्या.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून मी ओसरीच्या आतल्या सावलीत दोन झाकणे मांडली. एकात डब्यातले तेल ओतले. दुसऱ्यात मोटारीच्या पायफळीखालच्या ब्रेकतेलाच्या टाकीतून काढलेले. पहिल्याला काडी लावताच निळी ज्योत उठली आणि ती विझल्यावर खाली घट्ट, चिकट एरंडेल उरले. त्याला बोट लावून मी अमीनसाहेबांना दाखवले. दुसऱ्यात काडी बुडून विझली. मी दुसरी लावली, तीही विझली. मग मी माझी बाटली फडक्यातून बाहेर काढली.

त्या क्षणी माझा हात थांबला. बाटलीतले स्पिरिट मला एका कंपाउंडरने आबकारीच्या परवान्याखेरीज दिले होते. बाटली इथे पेटवणे म्हणजे माझ्याच विरुद्ध पंचनामा लिहून देणे होते. परंतु डब्यातले तेल माझे होते हे दुसऱ्या कशाने सिद्ध होणार? कोठडीतून उत्तरेश्वर गजांना धरून पाहत होता. त्याला काही कळले असे मला वाटत नाही. मी तिसऱ्या झाकणात ओतले आणि काडी लावली. तीच निळी ज्योत, तेच चिकट एरंडेल.

“ही बाटली माझी, हुजूर. डब्यातलं तेल माझंच, हे ड्रायव्हरनं मला परत देण्यासाठी ठेवलं होतं. धडकेत ते त्याच्या अंगावर सांडलं. आणि मोटारीत जे आहे ते तेल माझं नाही. ते पेटत नाही. वास घ्या.”

अमीनसाहेबांनी दुसरे झाकण नाकाशी धरले. “ये तो खाने का तेल है.”

“ड्रायव्हरनंच बदललं असेल,” शंकरप्पा म्हणाले. “त्याला काय कळतं? मला काय माहीत?”

तो ‘मला काय माहीत’ ऐकून माझा तोल गेला. तो गेला असे मी म्हणतो खरे. पण पुढचे वाक्य मी शब्दन्‌शब्द तोलून बोललो. ज्या गोष्टीविषयी हा माणूस खोटे बोलू शकणार नाही अशी एकच गोष्ट होती, आणि ती मला ठाऊक होती.

“अप्पा,” मी म्हणालो, “माघात स्वामींना तुम्ही याच मोटारीतून गुंजोटीला नेलं. पाठीमागच्या गादीवर पांढरा कपडा अंथरून. त्या दिवशी प्रत्येक वळणावर ती मोटार कशानं थांबली? या दारूनं. आणि पेट्रोलमध्ये सरकारच स्पिरिट मिसळतं; म्हणजे ती चाललीही दारूनंच. दीड वर्ष तुमच्या अंगणात दारूनं चालणारी आणि दारूनं थांबणारी मोटार उभी होती, आणि तुम्ही दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलंत. तेव्हा काही वाटलं नाही?”

शंकरप्पा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“अरे हलकटा! माहीत नव्हतं तोवर नव्हतं! कळलं त्या दिवशी स्वतः अंगणात उभा राहून काढायला लावलं! थेंब राहू दिला नाही! स्वामींच्या पायाखाली दारू ठेवू मी?”

अमीनसाहेबांनी दौत जवळ ओढली.

“क्या काढायला लगाया, सावकार?”

आणि इथे मला शंकरप्पांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती खरी आहे. त्यांनी माघार घेतली नाही. ते खुर्चीवर परत बसले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि स्पष्ट म्हणाले, “मिस्त्रीचं तेल. माझ्या घाण्याचं करडईचं घातलं, पहिल्या घाण्याचं. देवाच्या समईत चालतं ते चाकात का चालू नये, ते मला सांगा. कुणी सांगितलं होतं मला?”

“ड्रायवर ने किया?”

“मी सांगितलं, त्यानं केलं.”

अमीनसाहेबांनी ते लिहिले, वाचून दाखवले आणि त्याखाली सही घेतली. मग शिपायाला किल्ली फेकली. उत्तरेश्वर बाहेर आला तेव्हा त्याला उजेड सहन होईना. तो डोळे मिटून ओसरीच्या कडेवर बसला. बैलाचे आणि गाडीवाल्याच्या पायाचे काय ते पाहता येईल, पण भरपाई सावकाराने द्यावी, असे अमीनसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

“अब तुम्हारा. स्पिरिट कहाँ से लाया?”

“ते सांगणार नाही, हुजूर.”

“सोलापूर से? करोडगिरी का नाका चुका के?”

“कुठूनही आणलं असलं तरी आणलं मीच.”

“ठीक है. आबकारी वाले पूछेंगे. तब तक कारखाने पे ताला.” त्यांनी बाटली आपल्याजवळ ठेवली, तिला चिठ्ठी बांधली, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, “मिस्त्री, तेरी बत्ती अच्छी थी. पर खुद को क्यूँ जलाया?”

मला त्या वेळी, खरे सांगतो, विजयी वाटत होते.

आवारात शंकरप्पा मोटारीभोवती एक फेरी मारून आले. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. मग जणू काही झालेच नाही अशा आवाजात म्हणाले, “उत्तरेश्वर, स्वामी कालच बसनं घरी आलेत. सोमवारी लोहाऱ्याला जायचंय त्यांना. हात बरा होईस्तवर शेजारी बसून दुसऱ्याला वाट दाखव. गाडी नीट करून घे. आणि तेल आपलंच. थोडं गाळून घेऊ, मग फुगणार नाही.”

“गाळून?” मी म्हणालो. “अप्पा, आताच तुम्ही पाहिलंत…”

“तुला विचारलं नाही.”

उत्तरेश्वराने मोडका हात छातीशी धरला. “मालक,” तो म्हणाला, “म्या आता ते तेल घालनार न्हाय.”

“मग दुसरा ड्रायव्हर बघतो मी.”

अकरा वर्षे उत्तरेश्वर त्या घरी होता. मोटार यायच्या आधी तो त्यांचा टांगा हाकीत असे. त्याच्या तोंडून ‘बघा’ निघणार नाही, हे शंकरप्पांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. पण मथुराबाई पुढे आली. तिने नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून मोटारीची किल्ली काढली आणि ती चेपलेल्या बॉनेटवर खण्‌कन ठेवली.

“बघा,” ती म्हणाली. “समईचं तेल घालून चालवील असा बघा. आन त्याच्या बायकोला आदीच सांगून ठिवा.”

मला हसू आले. मला ते आवरता आले नाही. मथुराबाई गर्रकन माझ्याकडे वळली.

“आन तुमी काय हसताय वो, मिस्त्री?”

“नाही, मी…”

“लई हुशारी केली तुमी. काड्या वढल्या, बत्त्या लावल्या. तुमी चोरून घातलं, मालकांनी चोरून काढलं. माज्या मान्साला कुनी काय सांगितलं? बाटलीवर नुसतं ‘ब्रेक’! ह्येला वाचायला येतंय का? रबर फुगतंय ह्ये एक बोल तोंडातनं काढला असता तर ह्येनं मालकाच्या पाया पडून सांगितलं असतं. मालक आडमुठे असतील, पर स्वामींना खड्ड्यात घालायचे न्हाईत ते. तुमाला सांगाया काय झालं व्हतं?”

“मथुराबाई, सांगितलं असतं तर अप्पांनी…”

“मला नगा सांगू. हात त्याचा मोडला.”

बस आली. शंकरप्पा तिच्यात चढले नाहीत. ते मोटारीपाशी बसून राहिले. उत्तरेश्वर आणि मथुराबाई मागे, भाकरीच्या गाठोड्याजवळ बसली. मी पुढे एकटा बसलो आणि तिला द्यायचे उत्तर जुळवू लागलो. माझ्याकडे तीन मुद्दे होते. पहिला असा, की ब्रेकमध्ये दुसरे तेल घालू नये, हे मी ठळक अक्षरांत लिहून दिले होते. मालकाने आज्ञा मोडली, त्याला मी काय करणार? दुसरा असा, की कारण समजून घेण्याची तसदी त्या दोघांपैकी एकानेही घेतली नव्हती. विचारले असते तर मी सांगितले असते. जळकोट आले तेव्हा पहिला मुद्दा मी टाकून दिला, कारण ज्याने तेल बदलले त्याला माझी अक्षरे वाचता येत नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. येणेगूरला दुसरा टाकला, कारण त्याने विचारायला यायचे म्हटले होते आणि त्याला अडवले गेले होते.

तिसरा मुद्दा निर्विवाद होता. खरे सांगितले असते तर शंकरप्पांनी मोटार तिथल्या तिथे छपरात उभी केली असती आणि उत्तरेश्वराची नोकरी आज नव्हे, दीड वर्षापूर्वीच गेली असती. एवढा भक्कम मुद्दा मी आयुष्यात फारसा मांडलेला नाही. तो घेऊन मी उठलो, हलत्या बसमध्ये दांडी धरत मागेपर्यंत गेलो. उत्तरेश्वराला झोप लागली होती. मथुराबाईने त्याचा बांधलेला हात आपल्या मांडीवर, धक्का लागू नये म्हणून, दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

तिने वर पाहिले. “काय?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि पुढे जाऊन बसलो.